रक्ताचा कर्करोग : निदानापूर्वीची चयापचयी आणीबाणी

रक्ताचा कर्करोग ओळखला जाण्याआधीच शरीरातील रसायनांचा तोल अचानक आणि जिवावर बेतेल इतका ढळण्याची अवस्था. अशा रुग्णाची तक्रार गाठीची नसते. लघवी कमी झाली, उलट्या थांबत नाहीत किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, म्हणून त्याला दवाखान्यात आणतात.

या अवस्थेचा सर्वांत वेगवान प्रकार म्हणजे ट्यूमर लायसिस सिंड्रोम. एरवी तो केमोथेरपीने पेशी भराभर मरू लागल्यावर होतो. बर्किट लिम्फोमा आणि तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात मात्र उपचारांशिवायही उद्भवू शकतो. झपाट्याने वाढणाऱ्या पेशी तितक्याच झपाट्याने फुटतात. त्यांतले पोटॅशियम रक्तात उतरून हृदयाची लय बिघडवते, फॉस्फेट कॅल्शियमला बांधून घेते, तर न्यूक्लिइक आम्लांपासून बनलेले युरिक अ‍ॅसिड मूत्रपिंडाच्या नलिकांत स्फटिकरूपाने साचते. आपोआप उद्भवलेल्या प्रकारात फॉस्फेट अनेकदा फारसे चढत नाही. नव्या कर्कपेशी ते वापरून टाकतात, असे मानले जाते. कायरो व बिशप यांचे २००४ चे प्रचलित निकष उपचारांपूर्वीचे ३ आणि नंतरचे ७ दिवस धरतात. ज्याचे निदानच झालेले नाही, तो रुग्ण या चौकटीत बसणार कसा?

स्टेरॉइडचा धोका इथे विशेष सांगायला हवा. छातीतल्या लिम्फोमाच्या गाठीमुळे मुलाला धाप लागते, ती दमा समजून स्टेरॉइड दिले जाते आणि त्या एका मात्रेनेही पेशीनाश सुरू होऊ शकतो. शिवाय नंतरचे निदान धूसर होते, ते वेगळेच.

मल्टिपल मायलोमात गोष्ट संथ चालते. हाडे झिजून रक्तातले कॅल्शियम वाढते. तहान, बद्धकोष्ठता, गुंगी ही लक्षणे उतारवयात सहज वयाच्या खात्यावर जमा होतात. १९७७ मध्ये जपानमध्ये वर्णिलेल्या, एचटीएलव्ही-१ विषाणूशी निगडित प्रौढ टी-पेशी ल्युकेमियातही कॅल्शियम असेच चढते. रक्ताच्या कर्करोगात क्वचित रक्तदाब व ऑक्सिजन ठीक असूनही लॅक्टिक आम्ल साचत राहते.

पांढऱ्या पेशी फार वाढल्या असतील, तर नमुन्याच्या नळीतच त्या फुटून पोटॅशियम खोटेच जास्त दिसू शकते; म्हणून ईसीजी व फेरतपासणी करतात. ट्यूमर लायसिसच्या उपचारात भरपूर सलाईन, अ‍ॅलोप्युरिनॉल किंवा रासब्युरिकेज आणि गरजेनुसार डायलिसिस येते. रासब्युरिकेज जी६पीडी या विकराची कमतरता असलेल्यांना देत नाहीत, कारण त्यांच्या तांबड्या पेशी फुटतात. भारतात पारशी समाजासह काही समाजांत ही कमतरता तुलनेने अधिक आढळते.