थांब म्हणणं आणि थांबवणं

चंद्रपूरच्या ऊर्जानगरात ज्यांनी पाळ्या केल्या, त्यांना आजचा विषय अर्धा ठाऊकच आहे. संच बंद करणं वेगळं आणि संच ट्रिप होणं वेगळं. बंद करताना भार हळूहळू उतरवतात. वाफ तोडल्यावरही काम संपत नाही. तापलेला रोटर बॅरिंग गिअरवर कित्येक तास सावकाश फिरवत ठेवावा लागतो, नाहीतर तो वाकतो.

हाच भेद मेनफ्रेम संगणकांत कसा आला, ते आपण पाहू. आयबीएमने सिस्टम/३६० जाहीर केली ७ एप्रिल १९६४ रोजी. (त्याच वर्षी मुंबईत टीआयएफआरमध्ये सीडीसी ३६०० आला.) या घराण्यात ऑपरेटरने कन्सोलवर ‘पी’ आणि कामाचं नाव टाइप केलं, म्हणजे ‘स्टॉप’ सांगितलं, की प्रोग्रॅम थांबत नाही! यंत्रणा फक्त एक निरोप ठेवते आणि निरोप आल्याची खूण करते. निरोप वाचायचा, हातातला व्यवहार पुरा करायचा, फायली मिटायच्या, हे सगळं प्रोग्रॅमचं काम. ज्याने निरोप घ्यायची सोयच ठेवलेली नाही, त्याच्यापुढे ‘स्टॉप’ चालत नाही. आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं. विनंती आणि आज्ञा यांतला फरक इतका स्वच्छ मांडलेला आम्हाला पुस्तकांतही क्वचितच भेटला.

मग ‘कॅन्सल’. इथे संमतीचा प्रश्न नाही. एका खात्यातून पैसे वजा झालेत, दुसऱ्यात जमा व्हायचेत, आणि तेवढ्यात काम तुटलं, तर? म्हणून तो दुसरा उपाय. त्याच्याही पुढे एमव्हीएसमध्ये ‘फोर्स’ आहे. गंमत अशी, की कॅन्सल होऊ शकणाऱ्या कामावर थेट ‘फोर्स’ चालवायला गेलात, तर यंत्रणाच अडवते: आधी कॅन्सल करून पाहा, म्हणते. बळ वापरण्याआधीची पायरी चुकवता येत नाही.

पुढे मेनफ्रेमवर युनिक्स आलं आणि त्याची सिग्नलंही आली. युनिक्सचा भाग बंद करताना, ज्यांनी आधी नाव नोंदवलंय त्यांना ‘सिगडेंजर’ ही पूर्वसूचना जाते. मग ‘सिगटर्म’, ते प्रोग्रॅमला झेलता येतं. शेवटी ‘सिगकिल’; ते झेलता येत नाही.

सगळं थांबलं की ऑपरेटर ‘झेड ईओडी’ देतो, म्हणजे दिवसअखेर. स्मृतीत पडून राहिलेल्या वापराच्या नोंदी तेव्हा डिस्कवर उतरतात, आणि मगच यंत्र बंद करायचं.

पण वीज नेहमी विचारून जात नाही, हे भामरागडच्या माणसाला आम्ही काय सांगावं? तिथे या साऱ्या पायऱ्या फोल. त्या प्रसंगासाठी डेटाबेसवाल्यांनी निराळी वाट काढली: बदलाची नोंद आधी वहीत पक्की करायची, मग मूळ खात्याला हात लावायचा. यंत्र पुन्हा सुरू झालं की वही वाचायची आणि जे व्यवहार अर्धवट राहिले, ते मागे घ्यायचे.