बिलासपूरच्या वाटेवर

भनपुरीतून जाणारा बिलासपूर रस्ता आपल्या शाळेच्या प्रत्येक पिढीने पाहिला आहे. मालमोटारींच्या रांगा, कारखान्यांचा धूर आणि पावसाळ्यातला चिखल हीच त्याची आपल्या मनातली ओळख. परंतु हाच रस्ता धरून उत्तरेकडे सिमग्याच्या दिशेने गेले, तर छत्तीसगडच्या इतिहासातील एका मोठ्या प्रकरणाची गावे एकामागून एक लागतात. शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त काही लिहावे असे ठरले, तेव्हा शाळेच्या स्वतःच्या इतिहासापेक्षा या रस्त्याचा इतिहास सांगावा असे मला वाटले. शिक्षण आणि रुग्णसेवा या प्रांतात कोणत्या वाटेने आली, हे आपल्या मुलांना ठाऊक असायला हवे.

तिसरे रघुजी भोसले निपुत्रिक वारले आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. त्याबरोबर छत्तीसगडही कंपनी सरकारकडे गेले. नागपुरात स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याचे कार्य त्याआधीच सुरू झाले होते. त्यांच्या नावाचे महाविद्यालय आजही तेथे उभे आहे. रायपूरच्या बाजूला मात्र कोणी फिरकले नव्हते. १८६८ मध्ये ऑस्कर लोर नावाचे जर्मन मिशनरी सहकुटुंब येथे आले. ते काही नवखे नव्हते. रांचीच्या मिशनमध्ये त्यांनी काही वर्षे काम केले होते आणि १८५७ च्या धामधुमीत ते तेथून बाहेर पडून अमेरिकेत गेले होते. आता अमेरिकेतील जर्मन इव्हँजेलिकल मंडळींच्या संस्थेने त्यांना पाठवले होते. म्हणजे माणूस जर्मन, पैसा अमेरिकेचा, राज्य इंग्रजांचे आणि रयत छत्तीसगडी!

लोर यांचे लक्ष गेले ते सतनामी समाजाकडे. गुरू घासीदासांनी गिरौदपुरीच्या परिसरात दिलेला उपदेश या समाजाने स्वीकारला होता: एकच सतनाम, मूर्तिपूजा नाही, मद्यमांस वर्ज्य, माणसामाणसांत भेद नाही. जे लोक एकेश्वरवादी आहेत आणि मूर्ती मानत नाहीत, ते समूहाने ख्रिस्ती होतील, असा हिशेब लोर यांनी मांडला. तो चुकला. सतनाम्यांजवळ त्यांचा गुरू होता, त्यांचा पंथ होता. अस्पृश्य ठरवल्या गेलेल्या माणसांनी स्वतःच्या बळावर उभारलेला धर्म त्यांना पुरेसा वाटत असेल, ही शक्यताच मिशनच्या गणितात धरलेली नव्हती. पुढे जी थोडी कुटुंबे ख्रिस्ती झाली, ती बहुधा नात्यागोत्याच्या धाग्याने आणि दुष्काळाच्या रेट्याने.

लोर यांनी सिमग्याच्या पुढे सुमारे दीड हजार एकर पडीक जमीन घेऊन गाव वसवले. त्याचे नाव बिसरामपूर, म्हणजे विश्रामाचे गाव. तेथे चर्च उभे राहिले, शाळा सुरू झाली, औषधोपचार होऊ लागले. ज्या मुलांना अन्यत्र शाळेच्या ओसरीवरही बसू दिले जात नव्हते, ती मुले पाटीवर अक्षरे गिरवू लागली. शिक्षिका या नात्याने मी हे कधीही कमी लेखणार नाही.

पण याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मिशन त्या गावाचे मालगुजार होते. धर्मोपदेशकही तेच, जमिनीचे मालकही तेच. इतिहासकार सौरभ दुबे यांनी सतनामी आणि त्यांच्यातील ख्रिस्ती कुटुंबांचा बारकाईने अभ्यास केला आहे. त्यातून दिसते की लोकांनी नवा धर्म आपल्या पद्धतीनेच स्वीकारला. छत्तीसगडात स्त्रीला बांगड्या भरून दुसरे लग्न लावण्याची ‘चूडी’ची चाल होती, आपल्याकडच्या पाटासारखीच. मिशनऱ्यांच्या दृष्टीने तो व्यभिचार. त्यांनी बंदी घातली, दंड केले, मंडळीतून बाहेर काढले. चाल चालूच राहिली. खाण्यापिण्याचे जुने नियमही पुष्कळसे टिकले. धर्म बदलला म्हणून बाईचे प्रश्न बदलत नाहीत, हे गावाला पाद्र्यांपेक्षा अधिक कळत होते, असे माझे मत आहे.

मग १८९७ आणि १९०० चे दुष्काळ आले. दुसरा छप्पन्नचा दुष्काळ म्हणून जुन्या लोकांच्या तोंडी होता. याच सुमारास धमतरीला अमेरिकन मेनोनाइट मिशनरी आले. अन्नवाटप, अनाथाश्रम यांपासून सुरुवात करून त्यांनी पुढे रुग्णालय उभारले. बिलासपूर रस्त्यावर बैतलपूरजवळच्या चांदखुरीत १८९७ मध्ये कुष्ठरोग्यांसाठी आश्रयस्थान सुरू झाले. (कौसल्यामातेचे मंदिर आहे ती रायपूरजवळची चंदखुरी वेगळी.) तेव्हा कुष्ठरोगावर खात्रीचे औषध नव्हते. चालमोगऱ्याचे तेल आणि जखमांची निगा, एवढेच. घरच्यांनी गावाबाहेर घातलेल्या माणसाच्या जखमा रोज धुणे ही गोष्ट व्याख्यानाने होत नाही.

या चांदखुरी-बैतलपूरशी एका मराठी माणसाची कथा जोडलेली आहे. सदाशिव गोविंद कात्रे हे रेल्वेत नोकरीला होते. कुष्ठरोग जडला आणि उपचारासाठी ते बैतलपूरला दाखल झाले. उपचार मिळाले, पण सेवेच्या जोडीने चालणारा धर्मप्रचार त्यांना पटला नाही. तक्रार करून ते थांबले नाहीत. स्वतः रुग्ण असताना त्यांनी १९६२ मध्ये चांपा येथे भारतीय कुष्ठ निवारक संघाची स्थापना केली. त्याच चांप्यात मेनोनाइट मिशनचे कुष्ठरोग रुग्णालय विसाव्या शतकाच्या आरंभापासून होते. पुढे अमरावती जिल्ह्यातील पथ्रोटचे दामोदर गणेश बापट कात्र्यांच्या मदतीला आले. त्याआधी ते जशपूरला वनवासी कल्याण आश्रमात शिकवत असत. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, पुढच्याच वर्षी ते गेले.

दरम्यान हा वाद कायद्यापर्यंत पोहोचला होता. मध्य प्रदेश सरकारने नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल १९५६ मध्ये आला आणि त्याने मिशनच्या कार्यावर कठोर टीका केली. त्याच वर्षी नागपुरात डॉ. आंबेडकरांबरोबर नियोगींनी स्वतः बौद्ध धर्माची दीक्षा घेतली, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. १९६८ मध्ये, म्हणजे लोर आल्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, राज्याचा धर्मस्वातंत्र्य कायदा झाला. त्याला आव्हान दिले ते रायपूरच्याच रेव्हरंड स्टॅनिस्लॉस यांनी. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला. धर्माचा प्रचार करण्याच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असा तो निकाल आहे.

वर्गात हा भाग शिकवताना मुले हमखास विचारतात, “बाई, मग ते चांगले होते की वाईट?” मी त्यांना उलट विचारते की १८९७ साली चांदखुरीच्या दारात आलेल्या रुग्णाला हा प्रश्न विचारला असता तर तो काय म्हणाला असता, आणि मिशनच्याच जमिनीवर राबणाऱ्या, चूडी घातली म्हणून मंडळीबाहेर काढलेल्या बाईला विचारला असता तर ती काय म्हणाली असती. वर्ग थोडा वेळ गप्प होतो. मग कोणीतरी म्हणते, दोघांनाही विचारायला हवे. एकदा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “आणि बाई, ज्या सतनाम्यांनी धर्म बदललाच नाही, त्यांना कोण विचारणार?” त्या दिवशी तास संपल्याची घंटा झाली तरी आमची चर्चा चालूच होती.