एकविसावं प्रकरण आणि कुब्रिकची कात्री

‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’ म्हटलं की एका डोळ्याला खोट्या पापण्या लावून आपल्याकडे रोखून बघणारा माल्कम मॅकडॉवेल आठवतो. मूळ कादंबरी लिहिणारा अँथनी बर्जेस नंतर आठवतो, आठवलाच तर. पुढे पुढे बर्जेसला याचा राग यायला लागला. माझ्या मते तो रास्त होता, फक्त लोक सांगतात त्या कारणासाठी नव्हे.

लोक सांगतात ते कारण असं. १९६२ साली लंडनमध्ये आलेल्या कादंबरीत एकवीस प्रकरणं होती. त्या काळी ब्रिटनमध्ये सज्ञान होण्याचं वय एकवीस, म्हणून बर्जेसने आकडा मुद्दाम निवडलेला. शेवटच्या प्रकरणात गुंड ॲलेक्स अठरा वर्षांचा होतो, मारामारीला कंटाळतो, बायको-मुलाची स्वप्नं बघायला लागतो. १९६३ च्या अमेरिकन आवृत्तीतून हे प्रकरणच गाळलं गेलं (पैशांची गरज होती म्हणून मान्य केलं, असं बर्जेस नंतर म्हणाला). स्टॅन्ली कुब्रिकने १९७१ चा सिनेमा काढला तो याच कापलेल्या व्हर्जनवरून. पूर्ण पुस्तक हातात पडलं तेव्हा त्याची पटकथा जवळजवळ लिहून झाली होती, आणि तो शेवट त्याला पटलाही नाही. खरं सांगायचं तर ते प्रकरण मलाही जरा उरकल्यासारखंच वाटतं.

असो. खरा घोळ त्याच्या आधीच्या पानांत आहे.

कादंबरीतला ॲलेक्स सुरुवातीला पंधरा वर्षांचा आहे. तो आणि त्याची टोळी रस्त्यात गाठतात ते ग्रंथालयातून पुस्तकं घेऊन निघालेल्या म्हाताऱ्याला. सिनेमात त्याच्या जागी पुलाखाली पडलेला दारुडा येतो. कादंबरीत ॲलेक्स जेमतेम दहा वर्षांच्या दोन मुलींना घरी नेऊन दारू पाजतो आणि त्यांच्यावर बलात्कार करतो. सिनेमात त्या जागी राजीखुशीने आलेल्या तरुणी आहेत आणि अख्खा प्रसंग रोसिनीच्या संगीतावर भरधाव पळवलाय. आपण चक्क हसतो! तुरुंगात ॲलेक्स कोठडीतल्या एका कैद्याला मारून टाकतो, तो दुसरा खून तर सिनेमात नाहीच. आणि पंधरा वर्षांच्या पोराच्या जागी सत्तावीस वर्षांचा, देखणा, मिश्किल मॅकडॉवेल.

हे सगळं बेरजेला घेतलं की काय होतं बघा. सरकार ॲलेक्सला इंजेक्शनं टोचून, हिंसक फिल्म्स दाखवून असा ‘सुधारतं’ की मारायचा नुसता विचार आला तरी त्याला मळमळतं. बर्जेसचा प्रश्न होता, इतक्या नीच माणसाचंही बरं-वाईट निवडण्याचं स्वातंत्र्य काढून घ्यायचं का? उत्तर देताना घशात आवंढा अडकला पाहिजे. कुब्रिकने आरोपीची फाईलच हलकी करून टाकली. आता आपण सहज ‘नाही’ म्हणतो, कारण पोरगा एव्हाना आपल्याला आवडायला लागलेला असतो.

कुब्रिकच्या बाजूनेही एक मुद्दा आहे. पुस्तकात हिंसेवर भाषेचा पडदा आहे. बर्जेसने रशियन शब्द मोडून टोळीची बोली बनवली. ‘द्रुग’ म्हणजे मित्र, त्याचा झाला ‘ड्रूग’. वाचताना अर्थ लावण्यात निम्मा धक्का जिरतो. कॅमेऱ्यापुढे असा पडदा कुठून आणणार? म्हणून त्याने संगीत आणलं, मारहाणीला नाचाची लय दिली. ‘सिंगिंग इन द रेन’ गात लाथा घालणारा ॲलेक्स हा सिनेमा म्हणून अफाट आहे, त्यात वादच नाही. पण बर्जेसच्या पडद्याआड गुन्हा पूर्ण वजनाचा राहतो, कुब्रिकच्या पडद्याआड तो मौजेचा होतो.

ब्रिटनमध्ये सिनेमाची नक्कल करून गुन्हे घडतात अशी ओरड झाली, कुब्रिकच्या घरच्यांना धमक्या आल्या. शेवटी त्याच्याच सांगण्यावरून तो तिथे मागे घेतला गेला, आणि १९९९ मध्ये तो वारल्यावर २००० साली पुन्हा लागला. त्या गदारोळात मुलाखतींमधून सिनेमाची बाजू मांडावी लागली ती मात्र बर्जेसला!

त्याने उट्टं काढलंच. १९८७ साली स्वतःच्या कादंबरीचं संगीत नाटक छापलं. त्याच्या शेवटी कुब्रिकसारखी दाढी असलेला एक माणूस ट्रम्पेटवर ‘सिंगिंग इन द रेन’ वाजवत येतो, आणि त्याला लाथ मारून स्टेजवरून हाकलतात.