शिस्त, शिक्षा आणि मोमिनाबादची शाळा

मराठीत 'शिक्षा' म्हटले की छडी आठवते, आणि हिंदीत तोच शब्द विद्येचा वाचक आहे. मूळ धातू 'शिक्ष्', म्हणजे शिकणे. शिकण्याचा हा शब्द मराठीने दंडाकडे वळविला. शेजारच्या कन्नड-तेलुगूनेही तेच केले. 'शिस्त' हा तर फारसीतून आलेला पाहुणा. त्याचा मूळ अर्थ नेम, निशाण. व्युत्पत्तीवरून इतिहास सिद्ध होत नाही, हे आम्ही जाणतो. तरीही वर्गातील शिस्तीचा विचार करताना हा जुना अर्थ आम्हांला उपयोगी वाटतो. नेम कोणी धरला आहे आणि तो कोणावर रोखला आहे, हे त्यामुळे विचारता येते.

बीड जिल्हा सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते आणि सरकारी माध्यमिक शिक्षणाचा ओढाही उर्दूकडेच होता. उर्दूशी आमचे भांडण नाही. मराठवाड्याच्या जुन्या पिढीतील कित्येकांनी त्या भाषेवर मनापासून प्रेम केले. परंतु घरी मराठी बोलणाऱ्या मुलाच्या वाट्याला शाळेची पहिली शिस्त आली ती भाषेची. उत्तर ठाऊक असूनही गप्प बसणारा मुलगा मठ्ठ की आज्ञाधारक, हे अशा वर्गात कसे ओळखावे?

याच संस्थानात, मोमिनाबाद या नावाने तेव्हा ओळखल्या जाणाऱ्या अंबाजोगाईत, 1917 पासून योगेश्वरी शिक्षण संस्थेचे काम चालले होते. 1935 साली तेथे मुख्याध्यापक म्हणून एक संन्यासी आले. ते स्वामी रामानंद तीर्थ, पूर्वाश्रमीचे व्यंकटेश खेडगीकर. त्याआधी ते हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत होते. असहकाराच्या काळात सरकारी शाळेचे शिक्षण सोडून ते स्वतः राष्ट्रीय शिक्षणाकडे वळले होते. म्हणजे रूढ अर्थाने बेशिस्त ठरलेला विद्यार्थीच आता मुख्याध्यापकाच्या खुर्चीवर बसला होता, आणि तोही भगव्या वस्त्रांत. मुकुंदराज-दासोपंतांच्या गावाला भगव्याचे नवल नव्हते. त्या वेशातला माणूस शाळेचा पट सांभाळतो, हे मात्र नवे असावे.

पुढे 1938 आले. हैदराबाद स्टेट काँग्रेसवर स्थापनेआधीच बंदी आली आणि ऑक्टोबरमध्ये सत्याग्रह सुरू झाला. स्वामीजी शाळा सोडून तुरुंगात गेले. त्यानंतरच्या आठवड्यांत उस्मानियाच्या वसतिगृहांतील विद्यार्थ्यांनी 'वंदे मातरम्' म्हणण्याचा आग्रह धरला, अधिकाऱ्यांनी मनाई केली आणि प्रकरण चिघळून शेकडो विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले. औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजातही तीच लाट पोहोचली. काढलेल्यांत पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव होते. नागपूर विद्यापीठाने या मुलांना प्रवेश दिला, म्हणून त्यांची वर्षे वाचली.

अधिकाऱ्यांची बाजूही ऐकली पाहिजे. या गीताविषयी मुस्लिमांच्या मनात आक्षेप होता आणि 1937 साली खुद्द काँग्रेसनेच त्याची पहिली दोन कडवी तेवढी स्वीकारली होती. वसतिगृहातील शांततेची काळजी, हे कारण अगदीच बनावट म्हणता येणार नाही. पण ज्याने ती काळजी घ्यायची, त्याने मुलांशी बोलण्याऐवजी त्यांची नावेच खोडली. तेथे शिस्तीचा नेम मुलांच्या वर्तनावर नव्हता, मनावर होता, असे आमचे मत आहे.

संस्थान गेले, छडी राहिली. ज्या शिक्षकांनी सत्याग्रहाच्या गोष्टी अभिमानाने सांगितल्या, त्यांच्याच टेबलावर निरगुडीचा फोक असे; अंगठे धरणे, कोंबडा होणे, बाकावर उभे राहणे हे सारे यथासांग चालू होते. पालकच येऊन सांगत, 'गुरुजी, कातडी सोला, पण शिकवा.' सहा ते चौदा वयाच्या मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास व त्यांचा मानसिक छळ करण्यास शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने मनाई झाली ती 1 एप्रिल 2010 पासून. निजामाची सत्ता संपल्यानंतर एकसष्ट वर्षांनी!

कायदा स्वागतार्हच आहे. मात्र बीडच्या वर्गातली अडचण निराळ्या जागी आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. बरोबर मुलेही जातात. थोरली पोर पाचटात बसून धाकट्याला सांभाळते. ही मुले गावातच राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहे निघाली, काहींना ती लाभली, काहींना आजी-आजोबा लाभले. उरलेल्यांच्या नावापुढे हजेरीपटात गैरहजेरीच्या खुणांची रांग लागते.

चैत्राच्या आसपास असे मूल वर्गात परतते तेव्हा भागाकार होऊन गेलेला असतो आणि कविता पाठ करून झालेल्या असतात. ते खिडकीबाहेर पाहते, शेजाऱ्याला चिमटा काढते, हाक मारली तर उत्तर देत नाही. शिक्षक त्याला बेशिस्त म्हणतात. 1938 च्या मुलांची नावे पटावरून काढली गेली होती. याचे नाव पटावर आहे, वळणदार अक्षरात लिहिलेले. शेजारची पोरे मात्र त्याला विचारत असतात, 'तू नवीन आलास का?'