नागोठण्याचा अठरा वर्षांचा नागरिक

प्रबंधाचा आराखडा लिहिताना मी पहिला संशोधन-प्रश्न असा मांडला होता: ‘1950 साली नागोठण्यातल्या तरुण नागरिकांना प्रजासत्ताकाबद्दल काय वाटत होतं?’ वाचायला छान वाटतो ना? पण तपासायला घेतल्यावर त्यातला एकेक शब्द निसटायला लागला. तुम्ही आत्ता विषय शोधत असाल, तर ही फजिती कामाला येईल.

आधी ‘नागरिक’ हा शब्द बघा. नागोठणे तेव्हा मुंबई प्रांताच्या कोलाबा जिल्ह्यात होतं (‘रायगड’ हे नाव 1981 चं). म्हणजे इथला तरुण थेट इंग्रजांच्या अमलाखाली वाढला. पण वाकण फाट्यावरून आत वळलं की पाली. तो सुधागडचा मुलूख भोर संस्थानाचा, तिथला तरुण पंतसचिवांची रयत. रोह्याच्या पलीकडे मुरूडला जंजिऱ्याच्या नवाबाचं राज्य. ही दोन्ही संस्थानं 1948 साली विलीन झाली. एका दिवसात फिरून येता येईल एवढ्या टापूत तीन तऱ्हेचे प्रजाजन होते!

बरं, 15 ऑगस्ट 1947 ला सगळे नागरिक झाले का? तसंही नाही. 26 जानेवारी 1950 पर्यंत भारत ही डोमिनियन होती आणि सहावा जॉर्ज कागदोपत्री राजा होता. नागरिकत्वाची कलमं मात्र 26 नोव्हेंबर 1949 लाच अमलात आली. म्हणजे माणसं आधी नागरिक झाली आणि प्रजासत्ताक दोन महिन्यांनी आलं. तारखा अशा सुट्या करून बघायची सवय लावून घ्या.

आता ‘तरुण’. मतदानाचं वय तेव्हा 21 होतं. ते 18 वर आलं 1989 मध्ये. 26 जानेवारी 1950 ला अठरा वर्षांचा असलेला मुलगा 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मत देऊच शकत नव्हता. लोकसभेची पुढची निवडणूक 1957 ची. तोवर तो पंचविशीचा झालेला. मग ‘तरुण मतदाराचा उत्साह’ असं आपण सहज लिहून टाकतो, तो नेमका कोणाचा उत्साह?

सगळ्यात अवघड शब्द म्हणजे ‘वाटणं’. रोजनिशी लिहिणारा, वर्तमानपत्राला पत्र पाठवणारा तरुण शिकलेला असणार. खोताच्या जमिनीत राबणाऱ्या कुळाच्या मुलाचं मत कुठे शोधायचं? याच जिल्ह्यात अलिबागजवळ चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली 1933 ते 1939 असा संप केला होता. डॉ. आंबेडकरांनी 1937 मध्ये मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं होतं. खोती संपवणारा कायदा झाला तो 1949 चा. संविधान सभेत 25 नोव्हेंबर 1949 ला आंबेडकरांनी इशारा दिला, की राजकारणात समता येईल, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता उरेल. कोलाब्यातल्या कुळाला हे भाषण ऐकून कळायची गरज नव्हती.

पण म्हणून ‘कुळाच्या मुलाला प्रजासत्ताक म्हणजे खोतापासून सुटका वाटली’ असं मी लिहू शकते का? नाही. दोन गोष्टी एका वेळी घडल्या, एवढंच हातात आहे. त्यांचा मनात संबंध जोडला गेला होता का, याला वेगळा पुरावा लागतो. परीक्षक तिथेच पकडतात, आणि पकडायलाच हवं.

आणखी एक. पहिल्या मतदार याद्यांतून सुमारे 28 लाख स्त्रियांची नावं गेली, बहुतेक उत्तरेकडच्या राज्यांत. कारण त्यांनी स्वतःचं नाव न सांगता ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ असं सांगितलं होतं. हे वाचून आपण हळहळतो. आणि स्वतः मुलाखतीला जातो तेव्हा आजोबांसमोर रेकॉर्डर ठेवतो आणि आजींनी केलेला चहा पिऊन परत येतो. यादी करणाऱ्या कारकुनाने निदान आजींची नोंद तरी केली होती. आपण तेवढंही करत नाही.

शेवटी प्रश्न बदलला: ‘1947 ते 1957 या काळात कोलाबा जिल्ह्यात वयात आलेली मुलं-मुली प्रजेचे नागरिक कसे झाले, आणि ते कोणत्या कागदांत दिसतं?’ आता ‘काय वाटलं’च्या आधी ‘काय केलं’ हे शोधता येतं. फेरफाराच्या नोंदी, कुळवहिवाटीचे दावे, मतदार याद्या, शाळांची दप्तरं. कुळ म्हणून नाव लावायला कोण तलाठ्याकडे गेलं, कोण गेलं नाही, हेसुद्धा एक मतच आहे.

संविधानाच्या मराठी उद्देशिकेत ‘गणराज्य’ आहे, पण आपल्या तोंडी ‘प्रजासत्ताक’च बसलं. राजाची असते तीही प्रजाच, आणि आता सत्ता जिची आहे तीही प्रजाच. शब्द तोच राहिला. माणसांचं काय बदललं, आणि कोणाचं बदललंच नाही, हे शोधायचं काम माझ्याकडे आहे. तुमच्या गावचं तुमच्याकडे.