बघ्याची भूमिका सोडताना

अनेकांच्या देखत अत्याचार घडतो आणि कोणीच पुढे सरसावत नाही. प्रत्येकाला वाटते, दुसरा कोणी बघेल. जॉन डार्ली व बिब लाताने या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९६८ साली ही वृत्ती प्रयोगांनी दाखवून दिली.

पुढे १९९३ साली बॉस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठात जॅक्सन कॅट्झ यांनी खेळाडू तरुणांसाठी शिक्षणक्रम सुरू केला. तरुणांकडे संभाव्य गुन्हेगार म्हणून न पाहता जबाबदार साक्षीदार म्हणून पाहावे, हे त्याचे सूत्र. त्यांच्यापुढे प्रसंग ठेवला जाई: मेजवानीत दारूने भान हरपलेल्या मुलीला तुमचाच मित्र एकांतात नेऊ पाहतो आहे, तुम्ही काय कराल? मारामारी आणि मौन यांखेरीजही वाटा असतात, हे चर्चेतून उमगे. मित्राला बोलण्यात गुंतवावे, मुलीच्या मैत्रिणींना बोलवावे, यजमानाला सावध करावे.

जानेवारी २०१५ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारात सायकलवरून जाणारे दोन स्वीडिश विद्यार्थी असेच थांबले. बेशुद्ध तरुणीवरील अत्याचार त्यांनी रोखला व पळणाऱ्याला धरून ठेवले.

मुलींना आपण सदैव जपून राहायला बजावतो. मुलग्यांनाही सांगायला हवे: नशेतल्या मुलीचे मौन ही संमती नव्हे आणि शुद्धीवर असलेल्या मित्राचे मौन निर्दोष नव्हे.