पीएचडीला प्रवेश कसा मिळतो? आधी मार्गदर्शक, मग अर्ज

नेट किंवा पेट उत्तीर्ण झाले की पीएचडीचा प्रवेश नक्की झाला, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात परीक्षा ही फक्त पात्रता ठरवते. प्रवेश होण्यासाठी विद्यार्थ्याच्या विषयातला मार्गदर्शक हवा आणि त्या मार्गदर्शकाकडे रिकामी जागा हवी. त्यामुळे पीएचडीचा शोध मार्गदर्शकापासून सुरू करणे सोयीचे ठरते.

पात्रता काय लागते?

विद्यापीठ अनुदान आयोगाचे (यूजीसी) पीएचडीविषयक नियम नोव्हेंबर २०२२ मध्ये लागू झाले. त्यानुसार पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के गुण लागतात. चार वर्षांची पदवी घेतलेल्यांना ७५ टक्के गुण असतील तर थेट अर्ज करता येतो. अनुसूचित जाती, जमाती, नॉन-क्रीमीलेअर ओबीसी, दिव्यांग आणि ईडब्ल्यूएस उमेदवारांना ५ टक्क्यांची सवलत आहे.

जून २०२४ पासून नेटचा निकाल तीन गटांत लागतो:

- पहिला गट: जेआरएफ, सहायक प्राध्यापक पद आणि पीएचडी या तिन्हींसाठी पात्र. प्रवेश मुलाखतीवर.
- दुसरा गट: सहायक प्राध्यापक पद आणि पीएचडीसाठी पात्र.
- तिसरा गट: फक्त पीएचडीसाठी पात्र.

दुसऱ्या व तिसऱ्या गटात नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के महत्त्व असते. पीएचडी प्रवेशासाठी हे गुण एकच वर्ष चालतात. त्या वर्षात मार्गदर्शक मिळाला नाही, तर पुन्हा परीक्षा द्यावी लागू शकते.

मार्गदर्शकाकडे जागा आहे का?

नियमानुसार प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ उरलेल्या प्राध्यापकांना नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. म्हणून नावाजलेले मार्गदर्शक निवडतानाही त्यांच्याकडे किती विद्यार्थी आहेत आणि त्यांची किती सेवा शिल्लक आहे, हे विचारून घ्यावे.

महाराष्ट्रात अनेक महाविद्यालये आणि संस्था विद्यापीठाची मान्यताप्राप्त संशोधन केंद्रे आहेत. त्यामुळे फक्त विद्यापीठाचा विभाग पाहून थांबू नये. आपल्या विषयाची संशोधन केंद्रे आणि तिथले मार्गदर्शकही पाहावेत.

मार्गदर्शक चांगला आहे, हे कसे ओळखावे?

गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचे 'शोधगंगा' हे संकेतस्थळ यासाठी उपयोगी आहे. देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध तिथे मोफत वाचता येतात. मार्गदर्शकाचे नाव शोधले की त्यांच्या हाताखाली कोणते प्रबंध पूर्ण झाले, हे दिसते. एक-दोन प्रबंध चाळले की कामाचा दर्जाही कळतो.

त्यानंतर सध्याच्या विद्यार्थ्यांशी बोलावे. भेट किती दिवसांनी मिळते? लिहिलेले प्रकरण किती दिवसांत तपासून येते? खासगी कामे करावी लागतात का? या प्रश्नांची खरी उत्तरे माहितीपत्रकात मिळत नाहीत. पीएचडी किमान तीन वर्षांची असते आणि नोंदणीची मूळ मुदत सहा वर्षांची असते. एवढा काळ एकाच व्यक्तीसोबत काम करायचे असल्यामुळे ही चौकशी महत्त्वाची आहे.

पहिला ईमेल आणि आराखडा

पन्नास प्राध्यापकांना एकच मजकूर पाठवून उपयोग होत नाही. ईमेल थोडक्यात असावा. त्यात आपले शिक्षण, त्या प्राध्यापकांचे वाचलेले एखादे काम आणि आपला प्रश्न एवढेच लिहावे. सोबत बायोडेटा आणि एक पानाचे टिपण जोडावे.

संशोधनाचा प्रश्न नेमका हवा. 'मराठवाड्यातील पाणीटंचाई' हा विषय फार मोठा आहे. 'बीड जिल्ह्यातल्या टँकरवर अवलंबून असलेल्या गावांत पाणी भरण्याचे काम घरात कोण करते आणि त्याचा मुलींच्या शाळेवर काय परिणाम होतो' हा प्रश्न एका प्रबंधात मावतो.

पैशाची सोय

जेआरएफधारकांना १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि त्यानंतर एसआरएफ म्हणून ४२,००० रुपये मिळतात. घरभाडे भत्ता वेगळा असतो. महाराष्ट्रात बार्टी (अनुसूचित जाती), सारथी (मराठा, कुणबी) आणि महाज्योती (ओबीसी, भटके-विमुक्त, विशेष मागास प्रवर्ग) या संस्थाही फेलोशिप देतात. मात्र या फेलोशिपसाठी आणि थकलेल्या रकमेसाठी विद्यार्थ्यांना आंदोलने करावी लागली आहेत. त्यामुळे पहिल्या काही महिन्यांच्या खर्चाची तजवीज आधीच करावी.

परदेशातील पद्धत वेगळी

जर्मनी, नेदरलँड्स आणि स्कँडिनेव्हियन देशांत पीएचडीची अनेक पदे नोकरीसारखी जाहीर होतात आणि त्यांना पगार असतो. 'युराक्सेस' या संकेतस्थळावर अशा जाहिराती मिळतात. अमेरिकेत बहुतेकदा विभागाकडे अर्ज करावा लागतो आणि अनेक अर्जांची मुदत डिसेंबरच्या आसपास संपते. दोन्हीकडे शिफारसपत्रांना वजन असते, म्हणून प्राध्यापकांना काही आठवडे आधी सांगावे.

फसवणुकीपासून सावध

ऑनलाइन किंवा दूरस्थ पद्धतीने घेतलेली पीएचडी यूजीसीला मान्य नाही. अर्धवेळ पीएचडी चालते, पण नोकरदारांना कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र लागते आणि कोर्सवर्कही पूर्ण करावे लागते. जानेवारी २०२५ मध्ये यूजीसीने नियम न पाळल्याबद्दल राजस्थानातल्या तीन खासगी विद्यापीठांना पाच वर्षे पीएचडी प्रवेश देण्यास मनाई केली. 'प्रबंध लिहून मिळेल' किंवा 'वर्षभरात पदवी' अशी जाहिरात दिसली, तर तिथे पैसे भरू नयेत. अशी पदवी पुढे नोकरीच्या वेळी अमान्य ठरू शकते आणि तोवर पैसा व वर्षे दोन्ही गेलेली असतात.

अर्ज भरण्यापूर्वी तपासा

- नेट किंवा पेटचे गुण प्रवेशाच्या तारखेला वैध आहेत का?
- मार्गदर्शकाकडे आपल्या प्रवर्गाची जागा रिकामी आहे का?
- संशोधन केंद्राची मान्यता चालू आहे का?
- जात, नॉन-क्रीमीलेअर आणि इतर प्रमाणपत्रे मुदतीत आहेत का?
- विद्यापीठाची या वर्षीची अधिसूचना वाचली आहे का? नियम आणि तारखा दरवर्षी बदलू शकतात.